स्टॅबिलायझरवर उगवलेली मिरची

सावनेरची शेती सुटली आणि प्रयागबाई शहरात, हुडकेश्वरला तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. तेव्हापासून त्यांचा मोठा भाऊ ताराचंद भेटला की टोमणा मारायचा, "हातची शेती गेली वं तुही. आता तुळस सांभाळ."

म्हणून त्यांनी लेकाकडून भूत जोलोकियाचं बी मागवलं. जगातल्या जहाल मिरच्यांपैकी एक, ती घरात पिकवायची आणि पहिली भावालाच खाऊ घालायची.

पण पहिल्याच खेपेला त्यांनी सवयीने, वाफ्याला द्यावं तसं, तांब्याने पाणी घातलं आणि बी कुजलं. उरलेलं चिमूटभर बी त्यांनी मटकीसारखं ओल्या फडक्यात बांधलं. जानेवारीच्या थंडीत त्यालाही मोड येईनात. घरचं मांजर मात्र फ्रिजच्या कोमट स्टॅबिलायझरवर रोज मजेत झोपायचं. प्रयागबाईंनी त्याला उठवलं आणि पुरचुंडी तिथे ठेवली. मग मोड आले, खिडकीतल्या कुंड्यांत रोपं वाढली आणि पोळ्याच्या सुमाराला लाल, सुरकुतलेल्या मिरच्या लगडल्या.

पोळ्याला ताराचंद आला. "एवढीशी? मी सावजी रस्सा पिणारा माणूस," म्हणत त्याने अर्धी मिरची चावली.

त्याचे कान लाल झाले. दह्याचं पातेलं रिकामं केल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "मले बी देजो वं याचं. अन् उगवलं कसं, ते सांग."

"पहिले तांब्या बाजूले ठेवा लागते, दादा," प्रयागबाई म्हणाल्या आणि त्यांनी मांजराला मांडीवर घेतलं.