सोळा किलोचं स्टेअरिंग

दिवाळीआधी बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. जानेवारीत डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि त्याच दुपारी बाबा अंगणातल्या पिकअपमध्ये जाऊन बसले. मी ओट्यावरून पाहत होतो. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. ते चार बोटं फिरलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा ओढलं, तेवढंच फिरलं. बाबा उतरले आणि आईला म्हणाले, "इकून टाका इले."

जीपच्या सांगाड्यावर बांधलेली ही पिकअप माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. अमरावतीकडच्या गावांतली वांगी, कोथिंबीर, झेंडू बाबांनी हिच्यातून वर्षानुवर्षं अकोल्याच्या बाजारात नेला. आणि दर एप्रिलला भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीची पुढची गाडी हीच असते. चार तास, माणसाच्या चालीनं. त्या दिवशी स्टेअरिंग बाबांनी आजवर कोणाच्या हाती दिलेलं नाही, माझ्याही नाही. एप्रिलला तीन महिने उरले होते. विकायची भाषा कशामुळे आली हे आईला आणि मलाही कळत होतं.

आई म्हणाली, "इकायची अशीन तं एप्रिल झाल्यावर इका. आधी गाडीले काय झालं ते पाहा, मंग मानसाले."

मला मोजल्याशिवाय काही पटत नाही. भाजी तोलायचा जुना ताणकाटा घेतला, त्याचा आकडा स्टेअरिंगच्या कडेला अडकवला आणि ओढला. उभ्या गाडीत सोळा किलो जोर लागला. मग तोच काटा खिडकीच्या गजाला बांधून बाबांना ओढायला लावला. डावा हात नऊ, उजवा चार. एकूण तेरा.

"चाळीस वर्सं संसार केला," आई म्हणाली, "पन मानूस कधी काट्याले लटकवला नाई."

मी गाडी अकोल्याला नेली, बाबा शेजारी. जुन्या शहरातले मिस्त्री बाबांच्याच वयाचे. मी त्यांना तीन पर्याय विचारले: जुनाच स्टेअरिंग बॉक्स दुरुस्त करायचा, नव्या मॉडेलचं पॉवर स्टेअरिंग बसवायचं, की छोट्या कारचं विजेच्या मोटरवर चालणारं. मिस्त्री खाली वाकून टायर पाहत होते.

"हे रुंद टायर कोनं टाकले?"

मीच टाकले होते, सात वर्षांपूर्वी. सोबत लहान, चमकदार स्टेअरिंगही. मिरवणुकीच्या फोटोत गाडी रुबाबदार दिसावी म्हणून.

"टायर जितका रुंद, तितका रस्त्याले चिकटते. अन् स्टेअरिंग जितकं लहान, तितका हाताले जोर जास्त. तुमी दोन्ही केलं भाऊ. बाबाचा खांदा काय लोखंडाचा हाय?"

मी बाबांना विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत?

"तू हौसेनं आनलं होतं बे," एवढंच म्हणाले.

मिस्त्रींनी दुकानात खिळ्याला टांगलेलं, आमच्या मूळच्यासारखंच मोठं, काळं स्टेअरिंग काढून बसवलं. अरुंद टायर चढवले, पुढच्या सांध्यांत ग्रीस भरलं. मी काटा लावला. अकरा.

"उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवते कोन?" बाबा मागून म्हणाले. "गाडी वीतभर हलू दे, मंग फिरव. शिकवलं होतं ना तुले?"

शिकवलं होतं. गाडी हळू ढकलत मोजलं, तर सहा.

ते मोठं स्टेअरिंग हातात आलं आणि मला चिखलदऱ्याचा घाट आठवला. वर्षातून एकदा आम्ही जायचो. पुढे तिघं, मधे आई. वळण आलं की बाबांचे दोन्ही कोपर पसरायचे, आई माझ्या अंगावर सरकायची आणि मी दाराला चिकटायचो. स्टेअरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेचार फेरे. वर पोचल्यावर बाबांच्या शर्टाची पाठ भिजलेली असायची, आणि आई ती वाळेपर्यंत त्यांना थंड हवेत उभं राहू द्यायची नाही. मला तसंच स्टेअरिंग हवं होतं, पॉवरचं नाही. बाबांनाही. हाताची ताकद तेरा, लागतात सहा. प्रश्न मिटला, असं म्हणून आम्ही घरी आलो.

पण मिरवणूक चार तासांची. म्हणून मी बाबांना काटा सलग वीस वेळा ओढायला लावला. विसाव्या वेळी दोन्ही हात मिळून आठ भरले.

सहाला आठ. हात जिंकतच होता, पण जेमतेम, आणि तेही वीस ओढींनंतर. तो आकडा मी दोन दिवस मापं टिपायच्या कागदावर लिहिलाच नाही. लिहिला नाही तर कोणी विचारणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी लिहिला आणि कागद बाबांसमोर ठेवला.

त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वीस खेपा ओढल्यावरचं?"

"हो."

"अन् चार घंट्यानं?"

"मोजलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "गाडीपुढं लेझीमच्या पोरी असतात. पाच-सहा फुटांवर. पावर लाव."

मिस्त्रींनी मोटरचा पर्याय मोडीत काढला. या गाडीची वायरिंग तेवढी वीज सोसणार नाही म्हणाले. इंजिनवर पंप आणि पट्टा बसवला, बॉक्स बदलला. काटा दोनच्या खाली आला. पहिल्या दिवशी बाबांनी सवयीनं अंगाचा भार टाकून वळवलं, तर गाडी थेट कुंपणाकडे गेली.

"हे स्टेअरिंग हाय का भिंगरी?" ते ओरडले.

"हळूच धरा ना आता," आई दारातून म्हणाली. "सवय नाई तुमाले हळूच धरायची."

पुढचे दोन महिने रोज सकाळी शाळेच्या मैदानावर बाबा नव्यानं शिकले. मी शेजारी बसायचो आणि "कमी, कमी" म्हणायचो. असं त्यांना मी कधी काही सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पुढची गाडी बाबांनी चालवली. मी पूर्ण रस्ताभर उजव्या दाराजवळून चालत होतो. दर चौकात ओळखीचे लोक खिडकीशी येऊन जयभीम घालतात. इतकी वर्षं बाबांचे दोन्ही हात स्टेअरिंगला जखडलेले असायचे. ते मानेनंच उत्तर द्यायचे, आणि काही लोक त्यांना गर्विष्ठही म्हणायचे. या वेळी डावा हात स्टेअरिंगवर ठेवून त्यांनी उजवा उचलला. तो कानाच्या पाळीपर्यंत गेला. त्याहून वर तो जातच नाही. पण तेवढा तो चार तास प्रत्येकासाठी उचलला.