तळाच्या चकतीतली शांपूची पुडी

चामटोलीजवळच्या तलावाचा गाळ मी उलटा तपासला. वरची बाजू खाली, खालची वर.

अंबरनाथच्या आमच्या लॅबमध्ये एरवी कंपन्यांचं सांडपाणी येतं. यावेळी ग्रामपंचायतीचा प्रश्न आला. तलाव हिरवा झालाय तो नव्या बिल्डिंगांच्या नाल्यामुळे, की पहिल्यापासून तसाच होता? बिल्डर म्हणे, पहिल्यापासून. ठेक्याने तलाव घेऊन मासे सोडणारे धर्मादादा म्हणत, नाला आल्यापासून मासे मरतायत.

उत्तर गाळात असतं. शेवाळ मेलं की तळाशी बसतं, पण त्याचं रंगद्रव्य मागे राहतं. जुना गाळ खाली, नवा वर. लांब पाइप दाबून गाळाचा सलग नमुना काढायचा, गोठवायचा, चकत्या कापायच्या. मग अॅसिटोनमध्ये रंग उतरवून मशीनवर मोजायचा.

हे रंगद्रव्य उजेडात खराब होतं. म्हणून दादांच्या होडीतच मी पाइप फॉइलमध्ये गुंडाळला आणि फॉइलवर ऐटीत बाण काढला, ही बाजू वर. लॅबमध्ये पोचेस्तोवर फॉइल फाटली. मी नवी लावली. बाण जुन्या फॉइलसोबत कचऱ्यात गेला.

निकाल झकास! खाली हिरवंच हिरवं, वर जवळपास काही नाही. रिपोर्ट व्हायच्या आधीच मी दादांना फोन लावला.

"दादा, तलाव सुधारतोय. नाल्याचा दोष नाही."

पलीकडून दादा उसळले, "मंग माजं मासं काय म्हातारपनानं मेलं?"

दुसऱ्या दिवशी आमच्या पाटकर मॅडमनी चकत्यांचे फोटो पाहिले. "सगळ्यात तळाला हे काय चमकतंय?"

"शांपूची पुडी, मॅडम. सरकली असेल खाली."

"एवढ्या घट्ट गाळातून? की तलाव खोदणाऱ्यांनी आधी डोकी धुतली? बाण कुठाय तुझा?"

मी कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

खात्रीसाठी पुन्हा होडी, पुन्हा पाइप. यावेळी हिरवं वरच्या चकत्यांत निघालं, जिथे निघायला हवं होतं तिथेच. पंचायतीने तो रिपोर्ट बिल्डरपुढे ठेवला आणि नाला तलावापासून वळवायला लावला. दादांनी पुन्हा मासे सोडले.

धडा एवढाच, की बाण मालावर काढावा, गुंडाळीवर नाही. हे मी दादांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "आता डायरेक्ट पाइपवरच काढतो. पक्क्या शाईने."

दादांनी मला खालून वर न्याहाळलं.

"सायेब, येक बान तुमच्या कपालाव पन काढा. डोका कंच्या बाजूला हाय, समजंल तरी."