आईने न प्यायलेलं पाणी

आमच्या पूनम सागर सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर दुपारी गाडीचं दार उघडलं, की तापलेल्या रेक्झिनचा वास अंगावर येतो आणि मला कच्छमधला तो मे महिना आठवतो. मी शाळेत होते. गाडी काका चालवत होते. शॉर्टकट म्हणून त्यांनी रणातल्या कच्च्या वाटेवर गाडी घातली आणि चाकं रुतली. वर मिठाची कोरडी पापडी, खाली चिखल. फोनला रेंज नव्हती.

सकाळीच काकांनी बजावलं होतं, "वहिनी, पाणी बेताने हं. इथे बाथरूम शोधत बसायला लावू नका." म्हणून आई दिवसभर नुसते ओठ ओले करत होती. बाबा आणि काका चिखल उपसताना घटाघट पाणी पीत होते. गाडीच्या सावलीत बसलेल्या आईचा हात मी धरला, तर तो कोरडा आणि कढत होता. ती मला मावशीच्या नावाने हाक मारू लागली. मिठागराचा ट्रॅक्टर आला, म्हणून आम्ही दवाखान्यापर्यंत पोचलो.

हा किस्सा काका अजून रंगवून सांगतात. परवा जेसल पार्कला त्यांच्या घरी जेवताना पुन्हा म्हणाले, "वहिनींना ऊनच सोसत नाही!" सगळे हसले, आईसुद्धा. मी सहसा गप्प असते.

"ऊन सगळ्यांना सारखंच होतं, काका," मी म्हणाले. "पाणी फक्त तुम्ही प्यायलात."

आई हसायची थांबली.