भागीदाराच्या न पोचलेल्या मेल

माझ्या भाच्यानं मला आणि माझ्या भागीदाराला फसवलं. पैशात नाही. हिशेब त्याचे चोख होते. त्यानं माझ्या भागीदाराच्या मेल माझ्यापर्यंत पोचू दिल्या नाहीत, आणि मी त्याला टाकलं असं समजतच तो माणूस वारला.

भागीदार सोनाळ्याचा. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हापासूनची आमची सोबत. मिसरूड फुटायच्या आधी आम्ही दोघं सायकलवर संत्र्याच्या बागा बघत फिरायचो. फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा व्हायचा, आणि तोही बोलून नाही. दुपट्ट्याखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला आकडा कळत नसे. सौदा पटला नाही की हात काढून घ्यायचा. काढलेल्या हाताला कुणी कारण विचारत नाही. विचारणं म्हणजे स्वतःची गरज उघडी करणं. या धंद्यात मुरलेल्या माणसाच्या अंगात हे इतकं भिनतं की तो घरातही तसाच वागतो.

मी कडक, तो मऊ. मी बोट आखडायचो, तो शेतकऱ्याचा चेहरा बघून एक बोट वाढवून द्यायचा आणि परतताना माझ्या शिव्या खायचा. "तुले बाग पाह्यजे का भांडण पाह्यजे बे?" एवढंच म्हणायचा. पुढं जळगाव जामोदला आमचं ऑफिस झालं, फळ धुवायची-निवडायची मशीन आली, बाहेरच्या राज्यांत गाड्या जायला लागल्या. बापाची एक एकरही जमीन नसलेल्या दोन पोरांनी हे उभं केलं होतं. कॉम्प्युटर आले तेव्हा बहिणीच्या मुलाला मी नोकरीला घेतलं. ऑफिसातच एक सर्व्हर बसवला. बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी त्यावर उतरते आणि तिथून ज्याच्या त्याच्या खात्यात जाते. ते सगळं भाचाच बघायचा.

मग एका बागेवरून आमचं वाजलं. मी चारचौघांत त्याला नको ते बोललो. मी रोजच कुणाला तरी बोलतो आणि संध्याकाळी विसरतो. त्याच्याइतकं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्याच सुमारास त्याच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं आणि तो मुलीकडे नागपूरला गेला. त्याच्या खुर्चीवर भाचा बसला. थोडे दिवस, असं मी म्हटलं होतं.

मी वाट बघितली. सकाळी ऑफिसात आलो की आधी मेल उघडायचो. व्यापाऱ्यांच्या, बँकेच्या, खोक्यांच्या कारखान्याच्या, त्याची नाही. फोन उचलायचो आणि ठेवायचो. त्यानं हात काढून घेतला असं मी धरून चाललो. बागांत जायचो तेव्हा सौदा करताना समोरच्याचा हात परका वाटायचा. जिंकलेल्या सौद्यावर शिव्या द्यायला शेजारी कुणी नव्हतं. आंबिया बहराच्या फुलांचा वास सुटला की मला अजून त्याच्या सायकलीची करकर ऐकू येते.

तो गेल्याचा निरोप आला. सोनाळ्याला तेरवीच्या जेवणानंतर त्याची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "काका, बाबांनं तुमाले मेलवर मेल पाठोल्या. तुमी एकीचंही उत्तर नाई देल्लं. काऊन?"

मी म्हटलं, मला एकही आली नाही. तिचा विश्वास बसला नाही. माझाही तिच्यावर बसला नव्हता.

भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, पत्ता चुकला असेल, नाहीतर फालतू मेलच्या ढिगात गेल्या असतील. समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात कधी मान्य केलेला नाही. ऑफिसला सुट्टी होती त्या दिवशी मी खामगावहून दुसरा कॉम्प्युटरवाला आणला. भाच्याला कळवलं नाही.

त्यानं फालतू मेलचा ढीग उपसला. तिथं काही नव्हतं. पत्ता बरोबर निघाला. मग त्याच्या सांगण्यावरून मी सोनाळ्याला फोन लावला. मुलीनं स्वतःच्या खात्यातून मला एक मेल पाठवली. ती लगेच आली. मग तिनं बाबांच्या खात्यातून, त्याच लॅपटॉपवरून, दुसरी पाठवली. ती आली नाही. म्हणजे दोष माझ्या पत्त्यात नव्हता, रस्त्यात नव्हता. एकाच माणसाला अडवलेलं होतं. कॉम्प्युटरवाल्यानं सर्व्हरवरची नोंद दाखवली. मेल आमच्या दारात आली होती आणि दारातूनच दुसऱ्या खात्यात वळली होती. सर्व्हरला तसा हुकूमच देऊन ठेवला होता: या पत्त्यावरून मालकाला जे येईल ते भाच्याच्या खात्यात टाकायचं. हुकूम भाच्याच्या पासवर्डनं दिलेला.

त्या मेल तिथं सगळ्या होत्या. उघडलेल्या. बहर कसा धरला, मशीनचा पट्टा बदलला का, माझ्या गुडघ्याचं काय झालं. शेवटच्या मेलमध्ये एवढंच होतं: "डॉक्टरनं फिरायले हो म्हटलं. तू ये म्हण, मी येतो."

मी त्या पहिलीपासून पुन्हा वाचल्या. कॉम्प्युटरवाला बाहेर जाऊन उभा राहिला होता.

भाच्याला घरी बोलावलं. आधी तो म्हणाला की माझं बीपी वाढू नये म्हणून केलं. मी शेवटची मेल त्याच्यापुढं धरली. मग खरं बोलला. "मामा, ते वापस आले असते तं मी कुठं बसलो असतो?"

बहीण मध्ये पडली आहे. पोराची चूक झाली, घरातली गोष्ट घरात मिटवा, म्हणते. नोकरीवरून मी त्याला काढलंच आहे, पण तेवढ्यानं माझं समाधान झालेलं नाही. खुर्ची मागितली असती तर मी भांडलो असतो, ओरडलो असतो, आणि दुसरी खुर्ची आणून दिली असती. त्यानं ती मागितली नाही. एक आजारी माणूस बोलावण्याची वाट बघतोय हे त्यानं वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यासमोर चहा प्यायला.

ती मुलगी अजून सोनाळ्यालाच आहे. मी जाऊन सांगितलं, मेल दाखवल्या. तिनं ऐकून घेतलं, पण तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते भाच्याकडे आहे. त्यानं तिच्या दारात जावं, बहिणीला पुढं न करता एकट्यानं, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगावं की तुझ्या बापाला मी ताटकळत ठेवलं, आणि काऊन ठेवलं. माफी नंतरची गोष्ट. आधी त्यानं उत्तर द्यावं.