दोन्ही कान दिसले पाहिजेत

फोटोग्राफरने स्वभावाने संशयी असावं, असं मी माझ्या रविवारच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगतो. कासारवाडीत स्टेशनच्या जवळ माझा स्टुडिओ आहे. चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी, नवा कॅमेरा घेतलेली हौशी मंडळी तिथे शिकायला येतात. महागडी लेन्स घेतली की झालं, असं त्यांना वाटतं. मी म्हणतो, राव, आधी शंका घ्यायला शिका. माणसाच्या पाठीमागे उजेड आहे का? डोक्यातून विजेचा खांब तर उगवला नाही ना? फोकस चेहऱ्यावर बसलाय की मागच्या तोरणावर? आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या त्या चिमुकल्या स्क्रीनवर तर अजिबात विसंबू नका. तिथे प्रत्येक फोटो झकास दिसतो. चूक कळते ती घरी कॉम्प्युटरवर, आणि तोवर नवरी सासरी गेलेली असते.

बायको म्हणते, हा धंद्याचा गुण नाही, तुमचा मूळचाच आहे. असेल. भाजीवाल्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, आणि ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणणाऱ्या माणसावर तर नाहीच नाही. पण गेल्या लग्नसराईत चिखलीच्या एका हळदीत मला माझ्यापेक्षा वरचढ संशयी माणूस भेटला.

घर जुन्या गाववाल्यांचं. शेती गेली, बंगला आला, दारात पांढऱ्या गाड्यांची रांग. नवरदेव पाटावर बसलेला, बायका हळद लावताहेत, आणि मी फोटो काढतोय. त्या गर्दीत नवरदेवाची आत्या होती. नवरदेवाच्या वडिलांची थोरली बहीण, सत्तरीची, नऊवारीतली. मी कॅमेरा उचलला की ही बाई नेमकी कुणाच्या तरी खांद्याआड जायची. ग्रुप फोटोला हाका मारल्या तर स्वयंपाकघरात काहीतरी विसरल्याचं तिला आठवायचं. मला वैताग आला. फोटोत एक तरी असा नमुना असतोच, जो बाकीच्यांचा वेळ खातो.

मग नवरदेवाच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाले, “आक्काचा एकटीचा एक फोटो घ्या. मागं पांढरी भिंत पायजे. दोन्ही कान दिसले पायजेत.”

“हळदीत पांढरी भिंत कशाला? मागे झेंडूच्या माळा आहेत, छान दिसेल.”

“माळा नको. सरळ समोरून घ्या. आणि तिला काय बोलू नका, हळदीचाच म्हणायचं. आठवण म्हणून पायजे आमाला.”

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. माणसं आठवणीसाठी हसरा चेहरा मागतात, पदर नीट करून मागतात, नातवंडाला मांडीवर घेऊन मागतात. आठवणीसाठी कान कुणी मागत नाही. कान लागतात कागदपत्रांना.

आत्या मागच्या पडवीत एकटीच बसली होती. मी जवळ गेलो तशी तिने पदर पुढे ओढला.

“कुणी धाडलं तुमाला?”

“कुणी नाही. सहज आलो.”

“सहज कुणी येत न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून बोलायला लागली. “धाकल्या भावाच्या वास्तुशांतीला बी असंच. आक्का, चल, फोटो काढून येऊ, म्हनले. आमी गेलो. हापिसात टेबलावर बारका क्यामेरा व्हता. त्याच्याकडं बघाया लावलं, अंगठा घेतला. घरी आल्यावर भारीतली साडी नेसवली मला. साडी चांगली हाय वो. पर माझ्या बापाच्या रानातला वाटा तेवढ्यात गेला. आता एकच तुकडा ऱ्हायलाय माझ्या नावाचा. त्यो मी न्हाई सोडायची.”

आमच्याकडे बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतलं की तिला साडीचोळी करतात, हे मला माहीत होतं. कित्येकींच्या अशा साड्यांचे फोटो मीच काढलेत. पण नेसणारीच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. ऐकून अंगाचा तिळपापड झाला.

मी काही बोलणार इतक्यात तिचा भाऊ, नवरदेवाचा बाप, मागून आलाच. सोबत चारपाच पाहुणे, दोन सुना. “आक्का, ऊठ गं. सगळ्यांचे झाले, तूच तेवढी ऱ्हायली.” चारचौघांत भावाला नाही कसं म्हणायचं? ती उठली. लग्नघरात तमाशा नको म्हणून बायका किती ठिकाणी अशा उठून उभ्या राहिल्या असतील!

मीही तमाशा केला नाही. मी फक्त माझा सगळा क्लास उलटा केला. “इथे उजेड चांगला आहे,” असं ठोकून देत तिला आतल्या खोलीत पांढऱ्या भिंतीतल्या खिडकीसमोर उभं केलं, खिडकी तिच्या पाठीमागे. फोकस तिच्या चेहऱ्यावर न ठेवता मागच्या गजांवर ठेवला. तिची पापणी खाली यायची वाट बघितली आणि मगच बटण दाबलं. भाऊ घाईने स्क्रीनवर वाकला. त्या चिमुकल्या स्क्रीनवर त्याला काय दिसणार! “झ्याक आलाय,” म्हणाला आणि गेला. इतका वाईट फोटो इतक्या मन लावून मी आयुष्यात काढला नव्हता. खरं सांगतो, मजा आली.

लग्न झाल्यावर त्याचा फोन आला. “भाऊ, सगळ्या लग्नात एकच फोटो बिघडला? नेमका त्योच कसा?” मी म्हटलं, उजेडाचा दोष. त्याला पटलं नाही, हे मला फोनवरूनही कळलं. त्यांच्या भावकीतलं कुठलंच काम पुन्हा माझ्याकडे आलं नाही.

त्यानंतर एका दुपारी स्टुडिओच्या दारात आत्या उभी. एकटीच, बसने आलेली, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, आभार मानायला आली. मी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

“मला चांगला फोटो पायजे,” ती म्हणाली. “दोन्ही कान दिसलं पायजेत.”

“कुणी पाठवलं तुम्हाला?”

ती हसली, बोळकं दाखवून. “मलाच पायजे. वकीलबाई म्हनल्या, फोटो आणा. त्यो तुकडा माझ्या माघारी लेकीला जावा, असं लिहून ठेवायचंय.”

तरी मी वकीलबाईंना फोन लावून खात्री करून घेतली. मग तिला पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं. एका बाजूने मऊ उजेड घेतला, फोकस थेट डोळ्यांवर ठेवला. ती लेन्सकडे अशी बघत होती की जणू लेन्सनेच तिला सगळा खुलासा द्यावा. एवढा खरा चेहरा माझ्या कॅमेऱ्यात कधी आला नव्हता. प्रिंट काढल्या, पाकिटात घालून दिल्या. मोठा करून भिंतीवर लावायचा विचारही मनात येऊन गेला.

“आता त्यो मशिनीतनं पुसा,” ती म्हणाली.

मला राग आला. एवढं करून वर हे! “अहो आत्या, माझ्यावर कसला संशय? त्या दिवशी तुमचा फोटो मी मुद्दाम बिघडवला. तुमच्यासाठी. समोर उभ्या तुमच्या भावाला तेव्हा कळलंसुद्धा नाही.”

तिने पाकीट पिशवीत ठेवलं, पिशवीची गाठ मारली आणि शांतपणे म्हणाली, “म्हंजे तुमाला पायजे तसं करता येतंय. आन् समोरच्याला कळत बी न्हाई. मग तर पुसाच.”

राग कुठल्या कुठे गेला आणि उरली ती शरम. मी तिच्यासमोर फोटो कॉम्प्युटरमधून पुसला, कार्डामधूनही पुसला. ती खुर्चीमागे उभी राहून प्रत्येक वेळी “गेला का?” विचारत होती. सगळीकडून गेल्याची खात्री झाल्यावर तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“येते रं लेका,” म्हणाली, आणि बस पकडायला निघाली.