तार तेवढीच उरली होती

आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे नाव ‘पेडल स्टील गिटारची रचना व निर्मिती’ असे होते. हे वाद्य आमच्यापैकी कुणीही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. मार्गदर्शक सरांनीही नव्हते. पण त्यात लिव्हर असतात असे सांगितल्यावर त्यांनी लगेच सही केली. त्या वर्षी बाकीच्या गटांनी ऊस सोलायची तीन यंत्रे केली होती आणि तिन्हींना ऊस सोलता येत नव्हता. त्यामुळे आमच्याकडूनही कुणाला फार अपेक्षा नव्हती. मला ते बरेच वाटत होते.

गट दोघींचा. मी इस्लामपूरची, मैत्रीण कवठे महांकाळची, आणि दोघी कराडला मेकॅनिकलला. वाद्य तिने मोबाइलवर पाहिले होते. इस्त्रीच्या टेबलासारखे चार पायांवर उभे, वर आडव्या दहा तारा. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची आणि पायाने पेडल दाबले की ठरावीक तार ताणली जाऊन सूर चढतो.

“लय ग्वाड रडतंय गं,” ती म्हणाली. “आपुन ह्येच करायचं.”

पहिला सांगाडा आम्ही लोखंडी अँगलचा केला आणि भंगारातले मोटारसायकलींचे ब्रेक पेडल म्हणून लावले. आवाज पातेल्यावर पळी आपटल्यासारखा आला. मग तिच्या घरातून निघालेल्या जुन्या चौकटीची सागवानी फळी घातली. आवाज एकदम माणसात आला. पण पेडल दाबले की फळी केसभर वाकायची, आणि ज्या तारांना कुणी हात लावला नव्हता त्यांचेही सूर उतरायचे.

“एक वर चढली की बाकीच्या नऊ तोंडं पाडत्यात,” मैत्रीण म्हणाली. “आमची भावकी हाय ही.”

शेवटी फळीच्या पोटाला तोच अँगल बोल्टने आवळला. लाकूड आवाजासाठी, लोखंड ताठ राहण्यासाठी. अहवालात हे आम्ही चार पाने लिहिले आहे. खरे तर एवढेच आहे.

राहिला पिकअप. म्हणजे चुंबकांवर केसासारख्या तारेचे वेटोळे. वर लोखंडी तार थरथरली की वेटोळ्यात बारीकशी वीज उमटते आणि ती स्पीकरकडे जाते. मागवलेला पिकअप सहा तारांच्या गिटारचा निघाला. आमच्या कडेच्या तारा त्याला शेवटच्या बाकावरच्या पोरांइतक्याच ऐकू येत होत्या. दहा तारांचा पिकअप गुंडाळूनच घ्यावा लागणार होता.

आमचे घर गुंडाळण्यावरच चालते. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी तिथे नव्याने तार गुंडाळायला येतात. पण “तू हात काळं करायचं न्हाईत” असे म्हणून त्यांनी मला मशीनला कधी शिवू दिले नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे इंजिनिअर व्हायला आले तरी मला साधी कॉइल गुंडाळता येत नव्हती, आणि प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तर आम्ही सही करून बसलो होतो की सर्व काम विद्यार्थ्यांनी स्वतः केले आहे. हे खोटे ठरले तर प्रोजेक्ट नापास होऊ शकतो, असे सरांनी दोनदा बजावले होते. तरी केसासारख्या तारेचे रीळ पुढे ठेवून मी चाचरतच आबांना विचारले, कॉइल गुंडाळून द्याल का.

“येवढ्याशा तारंनं मोटार चालती व्हय?”

“मोटार न्हाई वो आबा. गिटार हाय.”

“मग फिरतंय काय?”

“कायच फिरत न्हाई.”

आबा बराच वेळ विचारात पडले. “मग जळणार कसं?”

त्यांनी बॉबिन काठोकाठ भरली. टर्न म्हणजे तारेचे वेढे, आणि कमी टर्न म्हणजे त्यांच्या लेखी कामचुकारपणा. वाद्याला लावल्यावर आवाज जबरदस्त मोठा आला, पण घोंगडीखालून आल्यासारखा. दहा तारांचा मिळून एकच काला. टर्न फार झाले की वरचे बारीक स्वर मरतात, हे मी वाचले होते. आबांना ते सांगायचा धीर होईना. “दणका हाय न्हवं?” एवढे म्हणून त्यांनी पिकअप काढला आणि शेवटच्या तपासणीला घेतला.

कुठलीही कॉइल सिरीज बल्बवर, म्हणजे तिच्यातूनच वीज जाऊन पेटणाऱ्या बल्बवर, लावल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. बल्ब पेटला तर कॉइल चांगली, नाही पेटला तर आत तार तुटलेली. पंपाच्या जाड तारेला हे लागू पडते. किलोमीटरभर लांबीच्या केसाएवढ्या तारेतून बल्ब पेटण्याइतकी वीज जातच नाही, हे मला ठाऊक होते. पण मी तेव्हा चहा आणायला गेले होते. आबांनी बल्बलाच दोष दिला. तीन बल्ब बदलले आणि तोवर प्लग चालूच ठेवला. मी परत आले तेव्हा दुकानात ओळखीचा वास सुटला होता.

“बघ,” आबा म्हणाले. “जळती की.”

तोंडी परीक्षा परवावर आली होती. ती तार मिळायला पुण्याहून आठवडा लागणार होता. आबांनी जळकी कॉइल कापून काढली आणि रिळावर उरलेली तार घेऊन ते मशीनवर बसले. अर्ध्याहून थोडी वर भरली आणि तार संपली. ह्या वेळी बल्ब त्यांनी स्वतःच उचलून माळ्यावर ठेवला.

बाहेरून आलेले परीक्षक ऊस सोलायची तीन यंत्रे पाहून आमच्याकडे आले होते. त्यांनी पिकअपवर बोट ठेवले. “टर्न किती?”

अहवालात आम्ही ‘योग्य संख्येने’ असे लिहिले होते. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले.

“घरी विचारून सांगू का, सर?”

“घरी?”

मार्गदर्शक सर छताकडे बघू लागले. मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“आबा, त्या कॉइलचं टर्न किती?”

“कोण इचारतंय?”

“बाहेरून आलेले सर.”

आबांनी वीज मंडळाच्या माणसांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला. “नमस्कार सायब. सगळं पोरीनं सोता गुंडाळलंय. म्या हातबी लावला न्हाई.”

“मग टर्न किती, हे तुम्हाला कसे ठाऊक असणार?”

“सात हजार चारशे बारा,” आबा क्षणात म्हणाले.

मला वाटते, त्या वेळी गप्प राहिले असते तरी खपले असते. परीक्षकांना चहाची घाई होती. पण ते बारा मला सहन झाले नाहीत. इतका नेमका आकडा सांगणाऱ्या माणसाने हातही लावला नाही, हे मला गिळवेना.

“सर, कॉइल वडिलांनी गुंडाळलीय,” मी म्हणाले. “पहिल्या पानावर आम्ही खोटं लिहिलंय.”

“आणि सात हजार चारशे बाराच का?”

“तार तेवढीच उरली होती.”

“येडी हाय ती सायब,” फोनमधून आवाज आला. “लिवून घिऊ नका.”

त्यांनी लिहून घेतले. पहिल्या पानावरचे ते वाक्य माझ्याकडून खोडून घेतले, खाली खरे काय ते लिहायला लावले आणि मार्क कापले. नापास मात्र केले नाही. मैत्रिणीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग ते म्हणाले, “वाजवा.”

आम्हाला वाजवता काहीच येत नव्हते. तिने तीन तारा छेडल्या, मी पेडल दाबले. एक तार चढली, बाकीच्या जागच्या जागी राहिल्या, आणि प्रत्येक वेगळी ऐकू आली.

“परवाच्या परास लय बारीक आवाज हाय गं,” फोन बोलला. तो बंद करायचा राहूनच गेला होता.

“लहान हाय आबा. पर सोच्छ हाय.”

“बरं. गिऱ्हाईक आलंय. ठेवतो.”

पण त्यांनी फोन ठेवला नाही. गिऱ्हाईक आले की मोटारीचे झाकण ठोकून काढायचा आवाज नेहमी येतो, तो काही केल्या येईना. परीक्षकांनी मला पुन्हा एकदा पेडल दाबायला सांगितले.