शेवटचा अनुवादक

दवाखान्यातल्या टोकनच्या मशीनवर तुम्ही मराठी वाचता ना? ते कुणी लिहिलं, असं एकदा तरी विचारलंय?

भुताखेतांचं म्हणाल तर अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. 'अमानवीय' या शब्दाचा मला रागच यायचा. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय...

वारज्यात, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून आमचं ऑफिस. आमच्या टोकन मशीनचे सगळे मराठी संदेश बागवान सरांनी केले होते. मराठीचे निवृत्त शिक्षक, राहायला गुलटेकडीला. भावांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा. 'अवैध प्रविष्टी' असलं ते कधी लिहीत नसत. चुकीचं नाव पडलं की मशीन म्हणायचं – 'नाव पुन्हा टाका. काही बिघडलं नाही.'

"अगं मुक्ता, समोरचा आधीच आजारी असतो," सर म्हणायचे.

त्यांची अट एकच. या संदेशांच्या फाइलच्या डोक्यावर 'शेवटचा अनुवादक' अशी एक ओळ असते, तिथे त्यांचं नाव राहावं.

"तिथे कुणी बघत नाही हो सर."

"न बघू दे. मुलांच्या वह्या तरी घरी कोण बघायचं? मी सही करायचोच."

मशीनची नवी आवृत्ती क्लायंटकडे जायची होती. त्या रिलीजच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, आमचा टीम लीड निखिल माझ्या खुर्चीमागे येऊन थांबला आणि त्याने स्क्रीनवरची ती ओळ वाचली.

"मराठीला बागवान? आपण आंब्याची पेटी मागवलीय का? क्लायंटला काय सांगू? काढ ते."

सगळे हसले. मी हसले नाही... पण नाव काढलं आणि कंपनीचं टाकलं. इतकीच टिकली माझी तत्त्वं.

मग तपासायला गेटटेक्स्ट ही कमांड चालवली. तिला मूळ इंग्रजी वाक्य दिलं, की ती फाइलमधून त्याचं मराठी काढून देते. वाक्याच्या जागी काहीच दिलं नाही, नुसतं रिकामं अवतरणचिन्ह, तर फाइलच्या डोक्यावरचा मजकूर येतो. तो आला. शेवटचा अनुवादक – नसीर बागवान.

फाइल उघडली, तर तिथे कंपनीचं नाव. कमांड चालवली, तर बागवान. फाइल नव्याने बनवली. पुन्हा तेच.

"कॅशेत जुनी प्रत राहिली असेल," निखिल म्हणाला. "उडव ती फाइल."

उडवली. आता फाइलच नव्हती, म्हणजे काहीही यायला नको. निखिलसमोर कमांड चालवली. तीच ओळ आली, तेच नाव. त्याने माझा लॅपटॉप मिटला. "कुणाला दाखवू नकोस," इतकंच म्हणाला. फाइल पुन्हा बनवली आणि रिलीज ठरल्याप्रमाणे गेलं, कंपनीच्या नावाने.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी सरांकडे गेले. काय केलं ते सांगितलं, मग कमांड चालवली. माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ अक्षरांत – नसीर बागवान. "बघा सर, जात नाहीये!"

सरांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग सुनेला हाक मारून वाचायला लावलं. तिने वाचलं ते कंपनीचं नाव होतं. मी त्याच ओळीवर बोट ठेवून होते...

सर हसले नाहीत, ओरडले नाहीत.

"मला माझं नाव ठाऊक आहे. ज्यांनी पुसलं, त्यांना दिसत असेल." लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मुक्ताताई, आपण चहा घ्या."

आजवर 'अगं' म्हणणारे सर. ते 'आपण' ऐकून मी कप तसाच ठेवला आणि लॅपटॉप उचलून निघाले.

नाव परत घाला म्हणून मी कंपनीला दोनदा मेल केली. उत्तर आलं नाही. मी नोकरी सोडली. आता लॅपटॉपही दुसरा आहे, त्यात त्या कामाची एकही फाइल नाही. कमांड मात्र तीच ओळ देते. ओळखीच्या दोन प्रोग्रामरना विचारलं – त्यांच्या स्क्रीनवर कोरी जागा. खुलासा माझ्याकडे नाही आणि शोधायचं धैर्यही उरलेलं नाही.

तुम्हीही कधी कुणाच्या कामावरून त्याचं नाव काढलं असेल. वरून सांगितलं म्हणून, सगळे हसले म्हणून. काही बिघडलं नाही, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. पण आजच, हे वाचून झाल्यावर, ते नाव पुन्हा टाका.